नर्व्ह कॅथेटर आणि जंतुसंसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदा, गुडघा, पाऊल, हात अशा शस्त्रक्रियांनंतर वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी मज्जातंतूजवळ बारीक नळी (नर्व्ह कॅथेटर) ठेवतात. रुग्ण, नातेवाईक आणि वॉर्डातले कर्मचारी या नळीच्या संसर्गाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. तुमच्या नळीबद्दलचा निर्णय तुमच्या भूलतज्ज्ञांचाच. त्यांना नेमकं काय विचारायचं, हे मात्र या उत्तरांवरून ठरवता येईल.

ही नळी नेमकी कशी असते?

मऊ प्लॅस्टिकची, साधारण २० गेजची, म्हणजे जाडीला एक मिलिमीटरपेक्षाही कमी. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत १८ गेजची सुई मज्जातंतूशेजारी नेतात आणि त्या सुईतून नळी आत सरकवून सुई काढून घेतात. खांद्यासाठी नळी मानेच्या बाजूला असते, हातासाठी कॉलरबोनच्या आसपास किंवा काखेत, गुडघ्यासाठी मांडीत आणि पावलासाठी गुडघ्याच्या मागे.

त्वचेबाहेर आल्यावर क्रम असा असतो: नळी, तिला घट्ट पकडणारा कनेक्टर, बारीक छिद्रांचा फिल्टर, पंपाची लाईन, मग पंप आणि औषधाची पिशवी किंवा फुगा (स्वतःच्या दाबाने औषध हळूहळू ढकलणारा रबरी फुगा). पंपातून बहुतेक वेळा ०.२ टक्के रोपिवाकेन हे बधिर करणारं औषध तासाला ५ ते ८ मिलीच्या वेगाने जातं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण यातला प्रत्येक जोड म्हणजे जंतूंना आत शिरायची एक संधी असते.

धोका किती आहे? आकडे ऐकून घाबरायला होतं.

आकडे घाबरवतात, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली मोजल्या जातात.

पहिली गोष्ट, नळीवर जंतू सापडणं. काढलेल्या नळीचं टोक प्रयोगशाळेत पाठवलं की त्यावर जंतू वाढतात, आणि हे फार वेळा घडतं. फ्रान्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जांघेतल्या २०८ नळ्या ४८ तासांनंतर तपासल्या, तेव्हा ५७ टक्के नळ्यांवर जंतू निघाले. गळू मात्र एकाही रुग्णाला झालं नाही. दुसरी गोष्ट, दाह: नळीच्या तोंडाशी, म्हणजे ती त्वचेतून बाहेर येते तिथे, लाली, सूज, दाबल्यावर दुखणं. तिसरी म्हणजे खरा संसर्ग, ज्यात पू, ताप, रक्ततपासणीत बदल, क्वचित आत गळू. फ्रान्समधल्याच २००५ च्या मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात १,४१६ रुग्ण होते. तपासलेल्या नळ्यांपैकी २८.७ टक्क्यांवर जंतू होते, ३ टक्के रुग्णांना जागेवर दाह झाला आणि खोल गळू फक्त एकाला झालं. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर संसर्गाचं प्रमाण शून्य ते तीन टक्क्यांच्या आसपास फिरतं. फरक बराचसा व्याख्येचा आणि नळी किती दिवस ठेवली याचा आहे.

म्हणून कोणी ‘निम्म्या नळ्या जंतूंनी भरलेल्या असतात’ असं सांगितलं, तर ते खरंही आहे आणि त्याचा संसर्गाशी थेट संबंधही नाही.

जंतू येतात तरी कुठून?

सगळ्यात जास्त वापरातला रस्ता म्हणजे रुग्णाची स्वतःची त्वचा. जंतुनाशकाने वरचा थर साफ होतो, पण केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींत जंतू उरतातच. काही तासांत ते पुन्हा वर येतात आणि नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून, सुईने केलेल्या वाटेने आत सरकतात. नळी त्वचेत जरा जरी आतबाहेर हलत असेल, तरी हा प्रवास सोपा होतो. नळी नीट बांधणं ती निसटू नये म्हणून जितकं महत्त्वाचं, तितकंच संसर्ग टाळण्यासाठीही.

दुसरा रस्ता नळीच्या आतून: जोड उघडला, पिशवी बदलली, हात नीट धुतले नव्हते. इथे जंतू बहुधा कर्मचाऱ्याच्या हातावरचे असतात. असा संसर्ग तुलनेने कमी वेळा होतो, पण झाला तर जोरात होतो, कारण जंतू थेट मज्जातंतूजवळ पंप केले जातात. मानेतल्या नळीतून असा संसर्ग छातीच्या पोकळीपर्यंत पसरल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे.

तिसरा, औषधच दूषित असणं. पिशवी वॉर्डात उघड्यावर भरली तर हे होऊ शकतं. चौथा, शरीरात दुसरीकडे असलेला संसर्ग रक्तावाटे नळीपर्यंत येणं. हा सगळ्यात दुर्मीळ.

एकदा नळीवर बसले की काही जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणून ‘नळी राहू द्या, गोळ्या सुरू करू’ हा उपाय चालत नाही.

कोणते जंतू असतात?

नळीवर नुसते बसलेले बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, म्हणजे त्वचेवरचा नेहमीचा, तसा गरीब रहिवासी. गळू करणारा बहुधा त्याचा भाऊबंद, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. जांघेत आतड्यांतले जंतूही सापडतात.

धोका कोणाला जास्त?

मधुमेह, लठ्ठपणा, अतिदक्षता विभागात मुक्काम, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, शरीरात आधीपासून असलेला संसर्ग. पुरुषांमध्ये प्रमाण थोडं जास्त दिसलं आहे. त्वचेवरचे केस आणि तेलग्रंथी हे त्यामागचं एक कारण मानतात. नळी बसवताना सुई बऱ्याच वेळा टोचावी लागली किंवा आत रक्त साचलं, तरी धोका वाढतो. साचलेलं रक्त जंतूंना आयतं खाद्य.

पण या सगळ्यांच्या वर एक घटक आहे, तो म्हणजे वेळ. तो आपल्या हातातला, म्हणून त्याच्यावर वेगळा प्रश्न.

नळी किती दिवस ठेवायची?

सर्वसाधारण शस्त्रक्रियेनंतर दोन ते तीन दिवस. ४८ तासांनंतर धोका वाढायला लागतो, चौथ्या दिवसानंतर तो वेगाने वाढतो. गंभीर जखमा, वारंवार ड्रेसिंग किंवा पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्या रुग्णांत नळ्या आठवडाभर किंवा त्याहून जास्तही ठेवल्या जातात. त्यात गैर काही नाही, पण तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असावा लागतो.

प्रत्यक्षात गोंधळ वेगळाच होतो. वेदना कमी झालेली असते, गोळ्यांवर भागत असतं, पंप बंदही केलेला असतो, आणि नळी मात्र तशीच राहते. ‘उद्या राउंडला बघू.’ औषध जात नसलेली नळी रुग्णाला काहीच देत नाही, फक्त धोका देते. म्हणून रोज सकाळी चार्टवर एक प्रश्न लिहायचा: ही नळी आज का हवी आहे? उत्तर नसेल तर त्याच दिवशी काढायची. रुग्णाने किंवा नातेवाइकानेही हा प्रश्न जरूर विचारावा. त्याचा कोणी राग मानू नये.

बसवताना काय काय व्हायला हवं?

इथे थोडं तपशिलात जाऊ, कारण सुरुवातीच्या दहा मिनिटांत जे चुकतं ते पुढच्या तीन दिवसांत दुरुस्त होत नाही.

भूलतज्ज्ञांनी अंगठ्या आणि घड्याळ काढून हात धुणं, टोपी, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालणं हे किमान. एकदाच इंजेक्शन देऊन संपणाऱ्या ब्लॉकपेक्षा (मज्जातंतू बधिर करण्यापेक्षा) नळीचं काम वेगळं: ट्रेवर लांब नळी असते, ती सहज कशालाही घासते. म्हणून मोठी निर्जंतुक चादर लागते आणि बऱ्याच ठिकाणी निर्जंतुक गाऊनही घालतात. गाऊनने फरक पडतो का यावर वाद आहे. नळी चादरीबाहेर लोंबू न देणं यावर वाद नाही.

केस असतील तर क्लिपरने कापायचे. वस्तऱ्याने काढले तर त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि तिथेच जंतू वाढतात.

त्वचेसाठी जंतुनाशक म्हणून अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन. सामान्यतः ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ टक्के क्लोरहेक्सिडीन वापरतात. काही ठिकाणी, विशेषतः मणक्याजवळ, ०.५ टक्के पसंत करतात. कोरड्या त्वचेवर सुमारे ३० सेकंद मागेपुढे घासायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. जांघ, काख अशा ओलसर जागी दोन मिनिटं घासायचं. वाळणं ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित पायरी. ओल्या त्वचेतून सुई घातली तर जंतुनाशकाने त्याचं काम पूर्ण केलेलं नसतं, शिवाय क्लोरहेक्सिडीन आत मज्जातंतूपर्यंत जाण्याची भीती असते. जंतुनाशकाची वाटी सुईच्या ट्रेवर कधीच ठेवायची नाही, तेही याचसाठी. शस्त्रक्रियेत विद्युत कॉटरी (विजेच्या उष्णतेने ऊती कापणारं, रक्तस्राव थांबवणारं उपकरण) वापरणार असतील तर न वाळलेल्या अल्कोहोलने आग लागू शकते. क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी असेल तर पोव्हिडोन आयोडीन, पण त्याला वाळायला दोनतीन मिनिटं द्यावी लागतात.

सोनोग्राफीच्या प्रोबवर निर्जंतुक आवरण आणि आत-बाहेर जेल. बाहेरचं जेल एकदाच वापरायच्या निर्जंतुक पाकिटातलं असावं. टेबलावरची मोठी जेलची बाटली निर्जंतुक नसते. अशा जेलमधून बर्कहोल्डेरिया जातीच्या जंतूंच्या साथी रुग्णालयांत पसरल्या आहेत. दिसायला किरकोळ, पण इथे काटकसर नको.

नळी आत गेल्यावर ती त्वचेखालून थोडं अंतर फिरवून दुसरीकडून बाहेर काढतात, त्याला टनेलिंग म्हणतात. नळी निसटत नाही हा त्याचा फायदा नक्की. संसर्ग किती कमी होतो हे प्रत्येक जागेसाठी सारखं ठामपणे दिसलेलं नाही, तरी दोन दिवसांपेक्षा जास्त राहणार असलेल्या नळीला टनेल करणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. तोंडाशी वैद्यकीय गोंदाचा एक थेंब टाकला तर औषध गळणं थांबतं आणि नळी हलत नाही. वर पारदर्शक ड्रेसिंग. पारदर्शकच हवं, कारण जागा ड्रेसिंग न काढता दिसायला पाहिजे. काही ठिकाणी तोंडाभोवती क्लोरहेक्सिडीनयुक्त गोल चकती ठेवतात. जंतूंची संख्या त्याने कमी होते, पण चकती अपारदर्शक असेल तर नेमकी तीच जागा झाकली जाते.

शेवटी ड्रेसिंगवर तारीख, वेळ आणि त्वचेपाशी नळीवर दिसणारा सेंटिमीटरचा आकडा लिहायचा. दुसऱ्या दिवशी आकडा बदललेला दिसला, तर नळी सरकली हे लगेच कळतं.

नळीसाठी वेगळं अँटिबायोटिक लागतं का?

नाही. शस्त्रक्रियेआधी दिला जाणारा नेहमीचा डोस मिळाला असेल तर नळीवर जंतू बसण्याचं प्रमाण कमी दिसतं, तेवढं पुरे. नळी आहे म्हणून रोज अँटिबायोटिक देत राहणं चुकीचं. त्याने फक्त औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

भुलीचं औषध स्वतःच जंतू मारतं म्हणतात. खरं का?

अर्धवट. बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध जास्त तीव्रतेला प्रयोगशाळेत काही जंतूंची वाढ रोखतं. नळीतून जाणारं औषध मात्र ०.१ ते ०.२ टक्क्यांचं, पातळ असतं, आणि रोपिवाकेनचा हा गुण बुपिवाकेनपेक्षाही कमी. त्यावर विसंबून राहू नये.

फिल्टर रोज बदलावा का? आणि पिशवी?

फिल्टरची छिद्रं ०.२ मायक्रॉनची असतात, त्यातून जंतू जात नाहीत. म्हणजे पिशवीकडून येणारा रस्ता बंद. त्वचेवरून नळीच्या बाहेरच्या अंगाने येणाऱ्या जंतूंवर फिल्टरचा काहीच परिणाम नाही. दोनतीन दिवसांच्या नळीसाठी फिल्टर बदलण्याची गरज सहसा नसते. उलट बदलण्यासाठी जोड उघडणं हाच धोका.

पिशवीचंही तेच. तीन दिवसांना पुरेल एवढं औषध एकाच पिशवीत किंवा फुग्यात असेल तर लाईन उघडावीच लागत नाही. हिशेब सोपा आहे: तासाला ६ मिलीने ७२ तासांचे ४३२ मिली. ४०० ते ५५० मिलीचे फुगे मिळतात ते याचसाठी. शंभर मिलीच्या पिशव्या लावल्या तर याच काळात चार वेळा बदलाव्या लागतील. पिशवी फार्मसीत, स्वच्छ हवेच्या लॅमिनार फ्लो खाली भरलेली असावी. वॉर्डाच्या टेबलावर ॲम्प्यूल फोडून भरलेली नको. बदलायची वेळ आलीच तर हात स्वच्छ, हातमोजे, जोड अल्कोहोलच्या पुसणीने १५ सेकंद घासून वाळू द्यायचा आणि मगच उघडायचा.

वेदना वाढली म्हणून कोणी सिरिंज जोडून जादा डोस देत असेल, तर तोही एक उघडलेला जोड. पंपावर बटण दाबून डोस घेता येत असेल तर तोच मार्ग चांगला.

नळी कनेक्टरमधून निसटली. परत जोडू का?

नाही. रुग्णाने किंवा नातेवाइकाने तर अजिबात नाही. उघडं टोक स्वच्छ कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळा, पंप थांबवा आणि फोन करा.

कर्मचाऱ्यांसाठी: नळी कधी निसटली हे कोणी पाहिलेलं नसेल, ती अंथरुणावर पडलेली सापडली असेल, तर ती काढून टाकणं हाच सरळ मार्ग. डोळ्यांदेखत निसटली आणि नळी अत्यंत गरजेची असेल, तर भूलतज्ज्ञ बाहेरचा भाग निर्जंतुक करून, निर्जंतुक कात्रीने टोक कापून नवा कनेक्टर लावण्याचा विचार करू शकतात. हा निर्णय ड्युटीवरच्या सिस्टरने एकटीने घ्यायचा नाही, आणि तशी वेळ तिच्यावर येऊही देऊ नये.

ड्रेसिंगखाली पाणी दिसतंय. संसर्ग आहे का?

बहुतेक वेळा नाही. नळीच्या बाजूने परत येणारं औषध असतं: पाण्यासारखं, वास नसलेलं, कधी रक्तामुळे गुलाबी. हे विशेषतः पहिल्या दिवशी होतं. पण ओल्या ड्रेसिंगच्या कडा सुटतात आणि त्याखाली जंतू फोफावतात, त्यामुळे ‘औषधच आहे’ म्हणून तसंच ठेवायचं नाही. कडा सुटल्या असतील तर निर्जंतुक पद्धतीने ड्रेसिंग बदलायचं. कडा शाबूत असतील तर लक्ष ठेवायचं. वारंवार ड्रेसिंग उघडणं हेही बरं नव्हे. नळी त्यातच ओढली जाते.

पिवळट, दाट, वास येणारा स्राव असेल तर ते औषध नव्हे.

संसर्गाची लक्षणं ओळखायची कशी?

अडचण अशी की ज्या भागात नळी आहे तो भाग बधिर असतो. एरवी गळू ठणकून सांगतं, इथे ते गप्प राहू शकतं. म्हणून डोळ्यांवर आणि हातावर भरवसा ठेवायचा, दुखण्यावर नाही. दिवसातून किमान दोनदा, चांगल्या उजेडात जागा बघा. लाली आहे का? असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहा. सहा तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर कळवा. ड्रेसिंगच्या बाजूची त्वचा दुसऱ्या बाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागते का? हलकेच दाबल्यावर आत कडक गाठ लागते का? नळीच्या तोंडाशी पांढरा-पिवळा थेंब आहे का?

चिकटपट्टीची ॲलर्जीही लालच दिसते. तिची ओळख: लाली नेमकी पट्टीच्या आकाराची असते, कडा सरळ असतात आणि खाज जास्त असते. संसर्गाची लाली नळीच्या तोंडाभोवती सुरू होऊन बाहेर पसरते.

ही लक्षणं दिसली तर वाट न बघता फोन करा: थंडी वाजून ताप, पू, पसरणारी लाली, मानेतल्या नळीनंतर गिळायला किंवा मान वळवायला त्रास, जांघेतल्या नळीनंतर कंबर किंवा ओटीपोटात दुखणं आणि मांडी सरळ करताना कळ. शेवटचं लक्षण लोक पाठदुखी म्हणून सोडून देतात, आणि नेमकं तेच सोअस या कमरेतल्या खोल स्नायूतल्या गळूचं असू शकतं.

एक गोष्ट संसर्गाची नाही पण याच यादीत हवी: तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव, गुंगी. हे औषध रक्तात जास्त गेल्याचं लक्षण. लाईनचा क्लॅम्प बंद करा आणि तातडीची मदत बोलवा.

ताप आला म्हणजे नळी काढायचीच का?

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एकदोन दिवसांत ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासचा ताप बऱ्याच जणांना येतो आणि तो बहुधा संसर्गाचा नसतो. ताप आला की आधी जागा बघायची. जागा स्वच्छ आणि तापाचं दुसरं कारण स्पष्ट असेल, तर निर्णय नळीच्या गरजेवर. जागा लाल असेल किंवा तापाचं कारणच सापडत नसेल, तर नळी काढायची. नळी काढून वेदनेसाठी दुसरा उपाय करता येतो, खोल गळूवर उपाय करणं त्यापेक्षा फार अवघड.

सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा घटक) आणि पांढऱ्या पेशी शस्त्रक्रियेनंतर तशाही वाढतात. एका आकड्यावरून काही ठरत नाही. कमी व्हायला लागलेला सीआरपी पुन्हा चढला तर ती गोष्ट लक्ष देण्यासारखी.

नळी घेऊन घरी सोडलं आहे. अंघोळ?

ओल्या कापडाने अंग पुसून घ्या. शॉवर, टब, पोहणं नळी निघेपर्यंत नको. ड्रेसिंगवर प्लॅस्टिक गुंडाळून अंघोळ केली तरी आत वाफ आणि पाणी जातं. पंपाची पिशवी कमरेला किंवा खांद्याला अशी अडकवा की उठताना लाईनला ओढ बसणार नाही. ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, आणि खरं तर हात लावायची गरजच पडू नये. पावडर, मलम, तेल काही लावू नका. तेलकट त्वचेवर पट्टी टिकत नाही. फुग्यावर काही लिहू नका, त्याला उशीखाली दाबू नका.

घरी सोडण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: नळी कोणत्या तारखेला काढायची, कोण काढणार, आणि रात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा. यातली पहिलीच नसेल तर डिस्चार्ज अपुरा आहे असं समजा.

काढायची कशी? घरी काढता येते का?

बऱ्याच ठिकाणी रुग्णाला फोनवर सूचना देऊन घरी काढू देतात. मणक्याजवळच्या खोल नळ्या याला अपवाद. त्या रक्त पातळ करणारं औषध चालू असताना कधी काढायच्या हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

पंप बंद करा. हात धुवा. ड्रेसिंग कडेकडेने, हळू सोडवा. कात्री वापरू नका, नळी कापली जाईल. हात किंवा पाय नळी बसवताना होता त्याच स्थितीत ठेवा. त्वचेजवळ धरून सावकाश, एकसारखी ओढ द्या. साधारण ती सहज येते. अडली, विजेसारखी झिणझिणी आली किंवा नळी रबरासारखी ताणली जायला लागली तर थांबा. जोर लावायचा नाही, झटका द्यायचा नाही. स्थिती थोडी बदलून पुन्हा हलकेच बघा; नाहीच आली तर तिथेच पट्टी लावून रुग्णालयात जा. निघाल्यावर टोक बघा: काही नळ्यांच्या टोकाला रंगाची खूण असते, ती दिसायला हवी. टोक दातेरी किंवा तुटल्यासारखं असेल तर नळी फेकू नका, सोबत घेऊन जा. मग दोनतीन मिनिटं दाब आणि २४ तास छोटी कोरडी पट्टी.

काढलेलं टोक लॅबमध्ये पाठवायचं का?

लक्षणं नसतील तर नाही. वर सांगितलेले आकडे आठवा: टोकावर जंतू सापडतातच, मग कोणीतरी त्या कागदावर उपचार करत बसतं, रुग्णावर नव्हे. संसर्गाची शंका असेल तेव्हा मात्र पाठवा, आणि नीट पाठवा: आधी बाहेरची त्वचा निर्जंतुक करून, नळी त्वचेला न घासता काढून, शेवटचे दोनतीन सेंटिमीटर निर्जंतुक कात्रीने निर्जंतुक डबीत. पू असेल तर त्याचा वेगळा नमुना. ताप असेल तर रक्ताचे दोन कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी), अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी.

संसर्ग झालाच तर पुढे काय?

पहिला उपचार म्हणजे नळी काढणं. नुसता दाह असेल तर बहुधा तेवढ्यानेच एकदोन दिवसांत लाली उतरते. पू, ताप किंवा पसरणारी लाली असेल तर स्टॅफिलोकॉकसवर चालणारं अँटिबायोटिक, आणि रुग्णालयात एमआरएसएचं (नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं) प्रमाण जास्त असेल तर त्यावर चालणारं. कल्चरचा रिपोर्ट आला की त्यानुसार बदल. गाठ लागत असेल तर आधी सोनोग्राफी. मान, सोअस किंवा मणक्याजवळच्या खोल जागेची शंका असेल तर सीटी किंवा एमआरआय. साचलेला पू बाहेर काढावाच लागतो, नुसत्या औषधाने तो जात नाही.

गुडघा बदलला आहे. नळीमुळे इम्प्लांटला संसर्ग होईल?

नळीमुळे सांध्याच्या संसर्गाचं प्रमाण वाढतं असं स्पष्ट दिसलेलं नाही. तरीही नळीचं तोंड शस्त्रक्रियेच्या जखमेपासून दूर, ड्रेसिंग वेगळं, आणि नळी लवकर काढलेली बरी. इम्प्लांट असलेल्या रुग्णात थोड्याशा शंकेवरही पाऊल उचलावं: साध्या लालीलाही नळी काढायला कचरू नये.

अंगात आधीच संसर्ग असेल तर नळी घालतात का?

सुई जिथे घालायची तिथल्या त्वचेवर फोड, जखम, पू असेल तर नाही. रक्तात जंतू असतील आणि उपचार सुरू झालेले नसतील तरी सहसा नाही. एकदाच इंजेक्शनचा ब्लॉक देऊन भागवतात. दुसरीकडे संसर्ग आहे पण अँटिबायोटिक सुरू असून रुग्ण सुधारतो आहे, अशा वेळी फायदा-तोटा मांडून नळी ठेवतात. सडलेल्या पायावर वारंवार शस्त्रक्रिया लागणारे मधुमेही रुग्ण या गटात येतात, आणि त्यांच्यासाठी मॉर्फिनसारख्या औषधांपेक्षा नळी पुष्कळदा जास्त सोसवणारी ठरते.

एपिड्युरलपेक्षा (पाठीच्या मणक्यात ठेवलेल्या नळीपेक्षा) ही नळी सुरक्षित म्हणायची का?

संसर्गाच्या परिणामांपुरतं बोलायचं तर हो. एपिड्युरलच्या जागी गळू झालं तर ते मज्जारज्जूला दाबतं आणि काही तासांत पायांतली ताकद जाऊ शकते. हातापायातल्या नळीचं गळू त्रासदायक असतं, पण बहुतेकदा कायमचं नुकसान न होता बरं होतं. मानेतली आणि कमरेच्या खोल स्नायूंतली नळी मात्र या दिलाशात धरू नका.

नळी निघाली. आता सुटलो का?

जवळजवळ. बधिरपणा उतरल्यावर ती जागा दुखायला लागली, तर ते ‘भूल उतरली म्हणून’ असेलच असं नाही, कारण गळू बऱ्याचदा नळी काढल्यानंतर काही दिवसांनी, कधी दोनतीन आठवड्यांनी वर येतं. तोपर्यंत टाके निघालेले असतात आणि रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरना आपणहून सांगा की इथे नळी होती, किती दिवस होती आणि कधी काढली.